आर्नहेमच्या गल्लीसाठी लावलेला दिवा

नेदरलँड्समध्ये वीज जात नाही. ती मी घालवली. एवढं लिहायला मला इतकी वर्षं लागली, कारण आमच्या घरात हा गुन्हा माझ्या मुलाच्या नावावर जमा आहे आणि मी तो तिथेच सुखाने नांदू दिला.

कोरोनात विमानं बंद झाली आणि आर्नहेमला मुलाकडे थोड्या दिवसांसाठी गेलेला मी हिवाळ्यापर्यंत अडकलो. अमोल तिथे एका वीज कंपनीत इंजिनिअर. सून सुजाता त्याच्या व्हिसावर आलेली. पुण्यात ती सॉफ्टवेअरची टीम सांभाळायची. इथे अर्ज पाठवायची आणि भाकऱ्या थापायची. अर्जांना नकार येऊ लागले तसे भाकऱ्या थापल्याचे आवाज वाढू लागले होते.

अशात नगरपालिकेचं पत्रक आलं : हिवाळ्यात कधी वीज गेलीच तर टॉर्च, पांघरुणं, पाणी जवळ ठेवा. आयुष्य लातूरच्या भारनियमनात काढलेल्या माणसाला हे म्हणजे पुन्हा नोकरीवर बोलावल्यासारखंच! मी बादल्या भरल्या, बाथटब भरला (त्यामुळे कोणाला आंघोळ करता येईना), बुद्धवंदनेसाठी आणलेल्या मेणबत्त्या जिन्याच्या पायरी-पायरीवर मांडल्या.

"बाबा, इथे वीज जात नाही," अमोल म्हणाला.

"आमच्याकडेही आधी जात नव्हती," मी म्हणालो.

शेवटी माझं तोंड बंद करायला त्याने एक बॅटरी आणून बसवली. तिच्यावर फक्त खालची खोली आणि दारावरचा मोठा दिवा चालणार होता. वापरायची वेळ आली तर आधी मीटरच्या कपाटातला मेन स्विच पाडायचा आणि मग बॅटरीचं बटण दाबायचं, असं त्याने मला शिकवलं. मी ते मंत्रासारखं पाठ केलं आणि वीज जाण्याची वाट पाहू लागलो.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी सुजाताची मुलाखत होती. कंपनीचं मुख्य ऑफिस अमेरिकेत, म्हणून वेळ अशी. शेवटची फेरी. ती वरच्या खोलीत पडदे ओढून लॅपटॉपसमोर बसली. जाताना म्हणाली, "बाबा, कुकर लावू नका. शिट्टी ऐकू जाईल." अमोल कोट चढवून बाहेर पडला आणि मलाही ये म्हणाला. कचरा टाकायला जात असेल, असं समजून मी खिडकीशीच बसलो.

बाहेर धुकं विरळ झालं होतं. छपरांवर हिमाची पातळ साय धरली होती. समोरच्या घरातला दिवा मालवला. मग शेजारचा. मग एकेक करत सगळी ओळ, आणि शेवटी रस्त्यावरचे दिवेही. सगळी गल्ली पाण्यात बुडाल्यासारखी शांत झाली. मला पन्नास वर्षांपूर्वीची आमची गल्ली दिसली, अंगणातल्या बाजा दिसल्या, आईचा पंखा हलताना दिसला. डोळे भरून आले.

गेली! (आनंदाने सांगतो आहे, हे लक्षात घ्यावं.)

आपल्या खोलीतला दिवा चालू आहे, हे त्या भरल्या डोळ्यांना दिसलं नाही. मी मेन पाडला. बटण दाबलं. आणि आमच्या लातूरच्या गल्लीत ज्याच्याकडे उजेड असेल त्याने ओट्यावरचा दिवा लावून ठेवायचा, म्हणजे बाकीच्यांची पोरं अभ्यासाला येतात, अशी रीत होती. म्हणून दारावरचा मोठा दिवाही लावला आणि शेजाऱ्यांना बोलवायला दार उघडलं.

अख्खी गल्ली रस्त्यावर उभी होती. अंतर राखून, माना वर करून. वर इतके तारे होते की मीही क्षणभर विसरलो. मग सगळ्या माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. डोळ्यांवर हात धरून शेजारच्या मारीकेबाईंनी अगदी सौम्य इंग्रजीत सांगितलं, की तारे दिसावेत म्हणून सगळ्यांनी, नगरपालिकेनेही, ठरवून दिवे मालवले आहेत. अमोलने तर सकाळी मला हे सांगितलंही होतं. तेव्हा मी मेणबत्त्या मोजत होतो.

मी धावत आत गेलो. जिन्यावर सुजाता मोबाइलच्या उजेडात उभी होती. वायफाय बंद, मुलाखत बंद.

"मेन कोणी पाडला?"

मी पायरीवरची एक मेणबत्ती उगाच सरळ केली.

"अमोलनेच ना? त्या बॅटरीचं काहीतरी करत बसला असेल."

"हं," मी म्हणालो.

बस, एवढंच. एक "हं". अमोल आत आला, सुजाताने त्यालाही विचारलं, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो, माझ्याच हातून झालं." त्या कंपनीने पुन्हा बोलावलं नाही. सुजाता बरेच दिवस त्याच्याशी धड बोलली नाही, आणि मला मात्र आल्याचा चहा वेळेवर मिळत राहिला. तो मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायचो.

पुढे तिला युट्रेख्टला नोकरी लागली. आता चार लोक जमले की ती हा किस्सा सांगते : वीज कंपनीतला इंजिनिअर आणि स्वतःच्याच बायकोचा मेन पाडतो! सगळ्यांत मोठ्याने मी हसतो.

मागच्या रविवारी लातूरहून कॉम्प्युटरवरून तिला व्हिडिओ कॉल केला. आज सांगायचंच, असं ठरवून. म्हणालो, "सुजाता बाळा, त्या संध्याकाळचं तुला खरं सांगायचंय. तो मेन..." आणि आमच्याकडची वीज गेली. स्क्रीन काळी. घरात इन्व्हर्टर नाही. आम्हाला काय, सवय आहे.

वीज आल्यावर तिचा मेसेज दिसला : "बाबा, काय सांगत होतात?"

मी बराच वेळ टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. शेवटी पाठवलं : "जेवलीस का?"