सिस्टरांचं इंग्रजी

सिस्टर वही माझ्यापुढे सरकवायच्या, तिच्यावर पंजा दाबून धरायच्या आणि विचारायच्या, "सर, बरोबर हाय का नुस्तं चालते?"

मी शिक्षकच. तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवलेलं. 'चालतं' हा शब्द माझ्या तोंडात बसलेला. तो ऐकला की सिस्टरांचा पंजा वहीवरून हलायचा नाही. "मग बरोबर कसं ते सांगा. आमच्या कामात चालते चालते म्हणत मान्सं मरतेत." हे त्या हसून म्हणायच्या नाहीत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या शेजारी बसून काम करायचं म्हटलं तर जीव मेटाकुटीला येतो, आणि ती नसली की आपलंच काम आपल्याला ढिलं वाटायला लागतं.

निवृत्तीनंतर मी लातुरात परदेशी जाऊ पाहणाऱ्या नर्सांसाठी इंग्रजीचा क्लास काढला होता. सगळा रस्ता क्लासेसचा. डॉक्टर व्हायला निघालेली हजारो पोरं खालून वाहायची, आणि तिसऱ्या मजल्यावर माझ्या खोलीत आठ नर्सा. परीक्षेचे चार भाग: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. चारही भागांत ठरलेली श्रेणी मिळाली तरच तिकडच्या दवाखान्यांचं दार उघडतं. ही परीक्षा मी स्वतः कधी दिलेली नव्हती. पुस्तकं मागवायचो आणि एक धडा पुढे राहून शिकवायचो.

सिस्टर मूळच्या हदगावकडच्या. घर बौद्ध, वडील दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणारे. नांदेडला नर्सिंग केलं आणि लातुरातल्या एका खाजगी दवाखान्यात डायलिसिसला लागल्या. तेव्हा वय असेल चौतीस-पस्तीस. लग्न झालं होतं, ते मोडलं होतं, त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत. वर्गात आल्या की पिशवीतली बाटली काढायच्या, टोपणभर पाणी घ्यायच्या आणि तेवढ्यात दोन्ही हात धुवायच्या. त्या वर्षी टोपणभर पाण्यालाही किंमत होती. नळ कधीच आटले होते. गल्लीत घागरींच्या रांगा, घागरींवर ऑइलपेंटनं घातलेली नावं, आणि टँकर येणार की नाही याची रोज नवी बातमी.

त्यांच्या इंग्रजीत एक गंमत होती. विदर्भाला लागून असलेल्या हदगावकडच्या बोलीत 'रडतोय' म्हणत नाहीत, 'रडून राहिला' म्हणतात. सिस्टर ते सरळ उचलून इंग्रजीत नेऊन ठेवायच्या. 'पेशंट इज रिमेनिंग क्रायिंग.' लातूरच्या पोरी तोंडाला ओढणी लावायच्या.

"काऊन हसून राहिल्या गं?" सिस्टर विचारायच्या. "रडून राहिला म्हणजे रडून राहिला. थांबलाच न्हाई तो."

मी फळ्यावर समजावलं. एकदाच. पुढे ती चूक त्यांच्या वहीत मला सापडली नाही.

बोलण्याचा सराव मात्र वेगळीच पंचाईत होती. लहानपणी गावच्या विहारात, जयंतीच्या कार्यक्रमात भाषणं करून त्यांचा आवाज तयार झालेला. परीक्षक समोर टेबलापलीकडे असतो हे त्या विसरायच्या आणि शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ऐकू जाईल अशा बोलायच्या. एकदा मी विषय दिला, नवीन जिल्हा करावा का? तेव्हा चहाच्या टपरीवर पाण्याखालोखाल तीच चर्चा होती. उदगीर वेगळं होणार, कुठले तालुके तिकडे जाणार, कुठले इकडे राहणार. बाकीच्या पोरींनी ऑफिसं, रस्ते, नोकऱ्या सांगितल्या. सिस्टर उभ्या राहिल्या आणि तीन वाक्यांत संपवलं: नवीन जिल्ह्याला नवीन कलेक्टर येईल. कलेक्टरला बंगला लागेल. बंगल्याला टँकर लागेल. मग बसल्या.

"दोन मिनिटं बोलायचं असतं, सिस्टर," मी म्हणालो.

"झालं ना सर बोलून."

एकदा मी त्यांना विचारलं, परदेशी कशाला जायचंय? पगार, घर, असं काही उत्तर येईल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "तिकडं नर्सनं लिवलेलं डॉक्टर वाचतो म्हणे."

लिहिण्याच्या भागात पत्रच लिहायचं असायचं. रुग्णाची माहिती दिलेली, त्यातलं कामाचं निवडायचं आणि दुसऱ्या डॉक्टरला किंवा नर्सला कळवायचं. पहिल्या वेळी सिस्टर याच भागात थोडक्यात राहिल्या. बाकी तिन्ही भाग निघाले होते. त्यानंतर त्या रोज एक पत्र लिहायला लागल्या. कल्पनेतले आजारी, कल्पनेतले पत्ते, आणि प्रत्येक पत्र माझ्यापुढे. मी लाल शाईनं तपासायचो आणि खाली तारीख टाकायचो, जुन्या सवयीनं.

बोलण्याचा सराव घ्यायला त्यांना दवाखान्यातच एक परीक्षक मिळाला होता. किल्लारीचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आठवड्यातून दोनदा डायलिसिसला यायचे. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. चार तास मशीनला बांधलेला माणूस, करणार काय? सिस्टरांचं पुस्तक छातीवर उघडं ठेवून ते प्रश्न विचारायचे. मी एकदा दवाखान्यात गेलो होतो तेव्हा पाहिलं. गुरुजींच्या एका हातात सुया, दुसऱ्या हातात पुस्तक, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"व्हॉट इज युवर हॉबी, सिस्टर?"

"माय हॉबी इज गार्डनिंग, सर."

"कुठं हाय गार्डन?" गुरुजी मराठीत घसरले. "प्यायला पाणी न्हाई आन् गार्डन म्हणं. खोटं बोलू नका परीक्षेत."

"मग काय सांगू गुरुजी?"

"झोप म्हणून सांगा. माय हॉबी इज स्लीपिंग. खरं बी हाय आन् सोपं बी हाय."

सिस्टर तेव्हा हसल्या. मी त्यांना पोट धरून हसताना पाहिलं ते तेवढंच एकदा. गुरुजींनी भूकंपात घर गमावलेलं, त्यानंतर बायको गेली, मुलगा लातुरात नोकरीला. तो त्यांना मशीनपाशी सोडून कामावर जायचा. ते चार तास गुरुजींच्या आठवड्यातले सगळ्यात बरे तास असावेत असं मला तेव्हा वाटलं.

दुसऱ्या परीक्षेला आठ दिवस होते. हैदराबादचं केंद्र, गाडीचं आरक्षण झालेलं. दुपारी वर्गाच्या वेळेआधीच सिस्टर आल्या. हात धुतले नाहीत. वहीतून फाडलेले दोन कागद माझ्यापुढे ठेवले.

मला वाटलं नेहमीचं पत्र. वाचायला लागलो आणि तिसऱ्या ओळीला लक्षात आलं की हा आजारी कल्पनेतला नाही.

डायलिसिसला पाणी लागतं, खूप लागतं आणि अगदी शुद्ध लागतं. त्या दिवशी सकाळी दवाखान्यात नेहमीचा टँकर आला नव्हता. दुसराच कुठला तरी आला. पाणी गढूळ होतं, वास होता. शुद्ध करणारं यंत्र बरेच दिवस दुरुस्तीला आलेलं. सिस्टरांनी मोठ्या डॉक्टरांना फोन केला. चालू ठेवा म्हणाले. तासाभरात तीन मशीनवरच्या तीन माणसांना एकदम हुडहुडी भरली. दोघं सावरले. गुरुजींचं ब्लडप्रेशर पडलं ते वर आलंच नाही. त्यांना आयसीयूत हलवलं होतं.

हे सगळं दोन कागदांत होतं. वेळा, आकडे, कोणी काय केलं. एक शब्द जास्त नाही. शेवटचं वाक्य होतं की मी सकाळी सात चाळीसला डॉक्टरांना कळवलं आणि चालू ठेवण्यास सांगण्यात आलं.

"बरोबर हाय?" त्यांनी विचारलं. पुढचा अर्धा प्रश्न विचारला नाही.

मी दोन ठिकाणी अव्यय बदललं. तारीख टाकली. मग म्हणालो, "इंग्रजी बरोबर आहे. पण हे शेवटचं वाक्य काढा."

"काऊन? काळ चुकला का?"

"काळ बरोबर आहे. सिस्टर, आठ दिवसांवर परीक्षा आली. पास झालात तरी अनुभवाचा दाखला याच दवाखान्याचा लागणार आहे."

त्यांनी त्या वाक्यावर बोट ठेवलं. खाली रस्त्यावर कुठल्याशा क्लासची सुट्टी झाली होती, पोरांचा गलका वर येत होता.

"मशीन मी लावली सर," त्या म्हणाल्या. "वास आल्ता मला. तरी माझ्याच हातानं लावली. ते वाक्य काढलं तर मग हे सगळं कोण केलं म्हणायचं?"

त्यांनी कागदावरून स्वच्छ प्रत काढली. माझ्याच टेबलाशी बसून, वाक्यासकट. ती दवाखान्यात दिली. लाल शाईचे कच्चे कागद वहीत ठेवले.

तिसऱ्या दिवशी गुरुजी गेले.

सिस्टर परीक्षेला गेल्या. मी म्हटलं होतं, पुढची तारीख घ्या. तर म्हणाल्या, "गुरुजींनी सगळे प्रश्न पाठ करून घेतले. आता जाते." निकाल लागला तेव्हा चारही भाग निघाले होते. लिहिण्यात आमच्या वर्गात कुणालाच मिळाली नव्हती अशी श्रेणी होती. मी पेढे आणले. त्यांनी एक घेतला, कागदात गुंडाळून पिशवीत टाकला.

तोवर दवाखान्यानं त्यांना घरी बसवलं होतं. गुरुजींच्या मुलाला सांगण्यात आलं होतं की नर्सनं मशीन चुकीची लावली. त्यानं तक्रार केली, ती सिस्टरांवर. बापाला त्या मशीनपाशी हसताना त्यानं पाहिलेलं नव्हतं. सोडायचा आणि जायचा. त्याचा तरी काय दोष काढायचा? दवाखान्यानं आपल्यातच तीन माणसांची चौकशी समिती नेमली. त्या दिवशी असला कुठलाही कागद आमच्याकडे आला नाही, हा यांनी नंतर लिहिला, असं समितीसमोर सांगण्यात आलं.

सिस्टर माझ्याकडे आल्या. कच्चे कागद पुढे ठेवले. माझी लाल शाई, माझं अक्षर, माझी तारीख.

"तुम्ही येऊन एवढंच सांगा सर, की हे अक्षर तुमचं हाय आन् तारीख त्याच दिवशी टाकली. दुसरं काही बोलू नका."

"येतो," मी म्हणालो. खरंच जाणार होतो.

माझा क्लास ज्या इमारतीत होता ती मोठ्या डॉक्टरांच्या मेव्हण्याची. हे सिस्टरांना माहीत नव्हतं. चौकशीच्या आदल्या दिवशी मेव्हण्यांचा फोन आला. धमकी वगैरे काही नाही. "सर, क्लास बरा चाललाय ना? काही अडचण नाही ना?" म्हणाले. मी नाही म्हणालो. तब्येत सांभाळा म्हणाले, ऊन फार आहे.

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. सिस्टरांना निरोप पाठवला की ताप आहे. त्या नर्स होत्या. ताप आहे म्हटल्यावर त्या संध्याकाळी विचारपूस करायला येतील ही धास्ती मला दिवसभर होती. त्या आल्या नाहीत.

समितीनं निष्काळजीपणा म्हणून त्यांना काढलं. अनुभवाचा दाखला दिला नाही. दहा वर्षांची नोकरी कागदावर उरली नाही. परीक्षेचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरतात. तिकडच्या दोन दवाखान्यांनी त्यांना पत्र पाठवून दाखला मागितला होता, असं वर्गातल्या एका मुलीनं सांगितलं. ती स्वतः पुढे आयर्लंडला गेली. सिस्टर खोली सोडून गावी गेल्या, एवढंच तिला ठाऊक होतं.

मी क्लास आणखी चार वर्षं चालवला. पुढे पाऊस बरा झाला, नळाला पाणी आलं.

मागच्या वर्षी नांदेडला एका लग्नाला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी परतायचं सोडून हदगावच्या गाडीत बसलो. गाव विचारत गेलो. कपाशी गुडघ्याएवढी झालेली. वस्तीत शिरल्यावर दोन घरं सोडून त्यांचं घर. दारात त्यांची आई तुरीची डाळ निवडत बसली होती. मी लातूरचा, सिस्टरांच्या ओळखीचा, एवढं सांगितलं.

"ते इंग्रजीचे सर का तुम्ही?" आईनं सूप बाजूला ठेवलं. "बसा. बसा ना."

सिस्टर हैदराबादेत होत्या. एका मोठ्या घरात अंथरुणावरच्या म्हाताऱ्याला सांभाळायला, तिथंच राहून. म्हाताऱ्याची दोन्ही मुलं अमेरिकेत. "रोज त्याहिला फोनवर सांगावं लागते म्हणे," आई म्हणाली. "बाप काय जेवला, किती निजला, सगळं इंग्रजीत. एजन्सीवाल्यानं म्हणूनच हिला घेतलं. बाकीच्या बायांना बोलता येत न्हाई." तिनं तांब्या पुढे केला. "तुमचं नाव घेते ती. म्हणते, सरांनी लई मन लावून शिकवलं."

मी पाणी प्यायलो.

"लावू का फोन?" आईनं कमरेचा मोबाईल काढला. "यावेळी मोकळी असते. म्हातारा निजलेला असते."

"नको," मी म्हणालो. "कामात असतील."

"न्हाई न्हाई, लावते ना. तुमचा आवाज ऐकून खूश होईल." तिनं डोळ्यांजवळ मोबाईल धरून एकेक आकडा दाबायला सुरुवात केली.

मी उठलो, चपला घातल्या. गाडीची वेळ झाली म्हणालो. कोपऱ्यावर वळताना मागे पाहिलं तर ती दारातच उभी होती, मोबाईल कानाला लावून, आणि मोकळ्या हातानं मला थांबा थांबा अशी खूण करत होती.