रंगाप्पा कलर

गेल्या महिन्यात भाच्याच्या लग्नासाठी शर्टपीस घ्यायला आम्ही दोघं नांदेडच्या वजिराबादेत गेलो आणि मी दुकानातल्या पोराला अगदी सहज म्हणून गेलो, "जरा रंगाप्पा कलरमध्ये दाखव." तो बिचारा गोंधळला. त्यानं आधी वरच्या फळीकडं बघितलं, मग खालच्या, आणि शेवटी गल्ल्याकडं तोंड करून ओरडला, "शेठ, रंगाप्पाचा माल येतो का हो आपल्याकडं?" शेठ अनुभवी होते. म्हणाले, "त्यांचा नवा स्टॉक अजून उतरला न्हाई. दुसरं दाखव." माझी बायको सुनंदा तोंडाला पदर लावून गदागदा हसायला लागली. शेवटी तिनंच सोडवलं, "अरे बाबा, पोपटी म्हणायचंय ह्यांना. पोपटी!"

पोपटी निघाला. पोरानं तो उलगडला, एकदा माझ्या टकलाकडं बघितलं, एकदा पोटाकडं, आणि घडी घालत म्हणाला, "सर, नोकरीला असाल तर ह्यो नका घेऊ. हापिसात हसतेत लोक. क्रीम घ्या, न्हाई तर आकाशी. सभ्य दिसतंय."

मी क्रीम घेतला. मी आयुष्यभर क्रीमच घेत आलोय. पण रिक्षात बसल्यावर सुनंदाही हसायची थांबली, कारण दोघांच्याही डोळ्यांपुढं अप्पा उभे होते.

रंगाप्पा कलर हा शब्द कुठल्याच दुकानात सापडायचा नाही. तो लातूर जिल्ह्यात औषधं खपवत फिरणाऱ्या आम्हा मूठभर एमआर लोकांनी तयार केला होता. एमआर म्हणजे पांढरा शर्ट, काळी बॅग आणि डॉक्टरांच्या दाराशी बाकावर बसून आत बोलावण्याची वाट बघणारा प्राणी. मी त्या धंद्यात नवा असताना औसा, जळकोट, उदगीर ही लाइन मला ज्यांनी हाताला धरून दाखवली, ते आमच्याच कंपनीचे सर्वांत जुने गडी म्हणजे अप्पा. खरं नाव शिवाप्पा. मूळचे उदगीरचे लिंगायत, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे आणि अंगात पोपटी शर्ट. पोपटी म्हणजे ओल्या हरभऱ्याच्या घाट्यावर सकाळचं ऊन पडल्यावर जो दिसतो, तो. असे पाच शर्ट होते त्यांच्याकडं, पाचही तसलेच. त्यामुळं शिवाप्पाचे रंगाप्पा झाले, ते इतके की लग्नपत्रिकाही त्याच नावानं यायच्या. त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. अक्का म्हणायच्या, "माझं लगीन लागलं शिवाप्पासंगं. संसार मातर मी ह्या रंगाप्पासंगं करायले."

त्या शर्टाचे फायदेही होते. औशाच्या स्टँडवर कंडक्टरनं डबल बेल दिली असली तरी लांबून पोपटी ठिपका पळताना दिसला की ड्रायव्हर गाडी थांबवायचा. कंपाउंडर लोकांना खिडकीतूनच कळायचं कोण आलंय. आमचं नवीन लग्न झालं तेव्हा अप्पा न सांगता जेवायला यायचे आणि मी सुनंदाला घाबरायचो. ती एकदा म्हणाली, "येऊ द्या की. तुमचे अप्पा कोपऱ्यावरूनच दिसतात, तेवढ्यात वरणात पाणी वाढवता येतं." हे मी अप्पांना सांगितलं. त्यानंतर ते आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर दोन मिनिटं मुद्दाम उभे राहायचे. दारात आल्यावर विचारायचे, "झालं का पुरेसं पातळ?"

बोलणं मात्र त्यांचं कमी. चहाचा कप अर्धा भरला की वर तळहात धरून म्हणायचे, "साकु." म्हणजे कानडीत पुरे. डॉक्टरांपुढंही तेच. एका गोळीची माहिती सांगायची, आणि डॉक्टरांनी पुढं काही विचारायच्या आत स्वतःच स्वतःला "साकु" म्हणून उठायचं. आम्ही बाकीचे आत गेलो की डॉक्टर घड्याळ बघायचे. अप्पा उठले की म्हणायचे, "अप्पा, बसा की जरा."

आणि बाकावर ते पेशंटांच्या मधोमध बसायचे. मी कडेला, बॅग मांडीवर घेऊन, कुणाचा धक्का इस्तरीला लागू नये असा. अप्पा मात्र, "सरका की मामा थोडं. कोन्त्या गावचं?" करत घुसायचे. कुणाला पाणी आणून दे, कुणाचा नंबर आलाय ते बघून सांग. त्या शर्टात त्यांना कुणी परकं समजायचं नाही. मला वाटायचं, माणूस हौशी आहे, रंगेल म्हणा ना. कारण मी कधी विचारलंच नाही.

मग आमच्याकडं पुण्याहून नवे मॅनेजर साहेब आले. वयानं माझ्यापेक्षाही लहान, गोरे, वागायला चांगले. लातूरच्या हॉटेलात पहिली मीटिंग झाली आणि त्यांनी सांगितलं, आता सगळ्यांनी पांढरा किंवा आकाशी शर्ट, गडद पँट आणि टाय. मग अप्पांकडं बघून, जरा चाचरतच म्हणाले, "अप्पा, राग मानू नका, पण हा रंग प्रोफेशनल वाटत नाही. डॉक्टरांपुढं आपली एक इमेज असते."

अप्पा म्हणाले, "साहेब, इमेज ऱ्हाऊ द्या. मला डॉक्टरसारखं दिसायचं न्हाई, एवढंच."

सगळे हसले. मी तर मीटिंगमधला चहा गार व्हायच्या आत तीन पांढरे शर्ट मनातल्या मनात शिवायला टाकून मोकळा झालो होतो. दुसऱ्या दिवशी औशाच्या स्टँडवर मी अप्पांना शहाणपण शिकवायला लागलो, "अप्पा, एवढी वर्षं झाली नोकरीला. थोडी राहिली. एका शर्टापायी कशाला वाकडं घ्यायचं?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. तरुणपणी तेही पांढराच घालायचे. एकदा जळकोटला दवाखान्याच्या ओसरीत बसले होते. डॉक्टर बाहेर गेलेले. शेजारी एक म्हातारी येऊन बसली आणि सांगायला लागली. रात्री छाती कशी भरून येते, डावा हात कसा बधिर होतो. "मी डाक्टर न्हाई ओ माय," असं अप्पा दोन-तीनदा म्हणाले, पण तिला ऐकू कमी येत होतं. मग त्यांना वाटलं, सांगू दे, डॉक्टर येतीलच. तिनं सगळं सांगितलं. घरातलं, सुनेचं, जे कुणाला सांगत नाही तेही. तेवढ्यात डॉक्टर मागच्या दारानं आले आणि कंपाउंडरनं अप्पांना आत बोलावलं. ते गोळीची माहिती सांगून बाहेर आले, तर म्हातारी नव्हती.

"लोक म्हनले, ती गेली. डाक्टरसाबानं समदं ऐकून घेतलं, आता हलकं वाटायलंय म्हनली, आन् गेली. मी पळत स्टँडावर गेलो, दत्ता. गाडी सुटलेली. कोन्त्या गावची ते बी मी इचारलं नव्हतं."

पुढं तिचं काय झालं ते अप्पांना कधीच कळलं नाही. पुढच्या खेपेला त्यांनी कंपाउंडरला विचारलं, चहावाल्याला विचारलं. बहिऱ्या म्हाताऱ्या काय कमी असतात? त्याच आठवड्यात त्यांनी उदगीरच्या बाजारातून ते कापड आणलं.

"पांढरा डाक्टरचा. गडद हिरवा आपरेशनवाल्याचा. खाकी शिपायाचा. पोपटी दवाखान्यात कुनाचाच न्हाई, म्हनून मी घेतला. आता मला कुनी नाडी दाखवत न्हाई. आन् बाकावर बसलो की पैलं मी गाव इचारतो."

खरं सांगायचं तर मला कुणी डॉक्टर म्हटलं की बरंच वाटायचं. बारावीच्या मार्कांनी जे दिलं नव्हतं ते एखादी मावशी बाकावर फुकट देऊन जायची, मी कशाला नाही म्हणू?

पण नोकरी होती. अप्पांनी पांढरा शर्ट घातला, टाय अक्कांनी शेजारच्या कॉलेजकुमाराकडून बांधून आणून खुंटीला अडकवून ठेवली. आणि दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला की ते मोठ्यानं सांगायला लागले, "मंडळी, मी डाक्टर न्हाई. गोळ्या इकनारा हाय. कुनी मला दुखनं सांगू नका!" पहिल्या दिवशी लोक हसले, डॉक्टरही हसले. नंतर एका डॉक्टरांनी साहेबांना फोन केला, "तुमचा माणूस माझ्या दारात दवंडी पिटतो."

साहेब स्वतः अप्पांबरोबर फिरायला आले. मीही होतो. औशाला बाकावर बसलो न बसलो, तोच एका बाईनं साहेबांच्या हातात आपली फाइल ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "उठा, शर्ट काढा, दावा साह्यबाला पाठ." नवऱ्यानं गुंड्या सोडल्यासुद्धा. साहेब लालबुंद. "अं, हो, मी जरा, थांबा..." अप्पा हळूच म्हणाले, "माय, ह्ये बी डाक्टर न्हाईत. आमच्यातलेच हायत."

संध्याकाळी साहेबांनी अप्पांना बाजूला घेतलं. "अप्पा, पटलं मला. पण वरून सगळ्यांना एकच नियम आलाय. तुमच्या एकट्यासाठी पोपटी असं कसं लिहू?"

"लिहू नका की. फकस्त बगू नका."

साहेबांना तेवढंही जमण्यासारखं नव्हतं. म्हणाले, पांढरा शर्ट घाला आणि ती दवंडी बंद करा. नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही.

अप्पांनी दवंडी बंद केली. बाकावर बसणंही बंद केलं. उन्हाळ्याचे दिवस होते. आम्ही आत पंख्याखाली, आणि अप्पा बाहेर रस्त्याच्या कडेला, हातात बॅग, टाय वाऱ्यानं खांद्यावर गेलेली. कंपाउंडर हाक मारेस्तोवर तिथंच. "अप्पा, आत या की," म्हटलं की मान हलवायचे. कंडक्टरही त्यांना ओळखेनात. गर्दीत आमच्यासारखेच दिसायचे ते. एके दिवशी गाडी त्यांना सोडून निघून गेली, आणि पुढच्या सोमवारी त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या भावाचं उदगीरला किराणा दुकान होतं, तिथं बसतो म्हणाले.

पुढं माझी नांदेडला बदली झाली. आता भोकरच्या दवाखान्यांत मी बाकावर बसतो तेव्हा शेजारी मुद्दाम थोडी जागा ठेवतो, का ते मलाही सांगता येत नाही. सुरुवातीला अप्पांचा फोन यायचा, "आज कुठं फिरायलाव?" मग फोनही कमी झाले. गेल्या वर्षी आमच्या ग्रुपवर ते गेल्याचं कळलं. कुणीतरी हार घातलेला फोटो टाकला होता, आणि रीतीप्रमाणं तो काळापांढरा केला होता. कंपनीला जे शेवटपर्यंत पुरतं जमलं नाही, ते एका मोबाइलनं करून दाखवलं. मी त्या फोटोकडं बराच वेळ बघत बसलो. शर्ट राखाडी दिसत होता.

पण मला ते आठवतात ते लातूर सोडताना. सामानाचा टेम्पो आणि अक्का सकाळीच गेल्या होत्या. आम्ही दोघं त्यांना स्टँडवर पोचवायला गेलो; मी औशाहून थेट, गळ्यात टाय. अप्पा पोपटी शर्टात, बऱ्याच दिवसांनी. उदगीरची गाडी लागलेली. सुनंदानं वाटेसाठी दिलेल्या धपाट्यांकडं बघून म्हणाले, "साकु गं पोरी, किती देतीस?" आणि डबा मात्र घेतला.

मी म्हटलं, "अप्पा, तिथं करमेल का?"

"करमेल की. तिथं मला कुनी गुडघा दावत न्हाई, गूळ मागतेत." मग माझ्याकडं नीट बघितलं. "दत्ता, पांढरा तुला शोभतो. घाल. पन बाकावर बसलास की आधी सांगत जा."

गाडी निघाली. मागच्या काचेतून तो रंग दिसत होता. चौक आला, गाडी वळली, तरी झाडांच्या मधनं एकदा दिसला, आणि मग नाही. मी तिथंच उभा होतो. स्टँडवरची माणसं बघत होती, म्हणून मी खिशात उगीच रुमाल शोधत राहिलो.

सुनंदा जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "रडायचं तर रडा खुशाल. पण आधी ती टाय सोडा, गळा आवळायलाय."