तांदळातल्या मिरच्या

कॉलेजच्या हॉलमध्ये मुलं आपापल्या संशोधनाच्या तक्त्यांशेजारी उभी होती. कुणी दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांचा अभ्यास केला होता, कुणी तळ्यातल्या शेवाळाचा. बी.एस्सी.ला असलेल्या आमच्या रमासमोर तांदळाच्या बरण्या होत्या. निम्म्यांत सुक्या लाल मिरच्या, निम्म्या नुसत्याच. मिरची घातली की तांदळाला कीड लागत नाही, हे ज्ञान मी वर्षानुवर्षं घरात वाटत आलोय, कुणी मागितलं नसतानाही. तिने तेच तपासलं. दोन महिने घरात किड्यांची बडदास्त माझ्यापेक्षा चांगली होती. शेवटी दोन्हीकडे किडे सारखेच निघाले.

"मिरचीकडचे चार कमी लिही की," मी आदल्या दिवशी सुचवलं होतं. विद्यापीठाच्या फेरीला इथून एकच तक्ता जाणार होता.

"बाबा, मोजलेत मी ते."

माझ्या कॉलेजच्या दिवसांत आम्ही प्रॅक्टिकलला उत्तर आधी बघायचो आणि आकडे मागून जुळवायचो. जर्नल सुबक दिसायचं, मार्कही मिळायचे. पण खरंच काय घडतंय, हे बघायचं राहूनच गेलं.

तक्ता वाचून परीक्षक बाईंनी चष्मा वर केला. "म्हणजे अंदाज चुकला?"

"हो मॅडम, साफ चुकला." रमाची मान ताठ होती.

"कुणाचा होता हा अंदाज?"

ती घुटमळली. मीच गर्दीतून हात वर केला, वर्गात उत्तर येत असतानाही कधी केला नव्हता इतका उंच.