मिश्रीचा आळ

माझ्या लेकीचा पुढचा दात काळपट पडला आणि अख्ख्या गल्लीनं त्याचं खापर सासूबाईंच्या मिश्रीच्या डबीवर फोडलं. सोलापुरात हे फार सोपं आहे. आमच्याकडे बायका सकाळी भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावून ओट्यावर बसतात. मग पोरीचा दात काळा म्हणजे पोरगी आजीची मिश्री लावते, झालं! शाळेतल्या बाईंनी तर मला बोलावून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरी लक्ष असतं ना तुमचं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्गातली पोरं तिला मिश्रीवाली म्हणायला लागली होती. खिदळणारी पोरगी ती, तोंड मिटून बसायला लागली.

सासूबाई सोलापूरजवळच्या कुंभारी गावच्या. त्या एवढंच म्हणाल्या, "पोरीनं माझ्या डबीला कदी हात न्हाय लावला की." आणि दुसऱ्या दिवसापासून डबी फडताळात टाकली. जन्माची सवय ती. सकाळभर डोकं धरून बसायच्या.

खरं तर दात काळा पडायच्या आधी लेक शाळेच्या पायरीवर तोंडावर आपटली होती. दाताची नस मेली, म्हणून रूट कॅनाल करून आत औषध भरलं होतं. मी तिला घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आरसा घालून पाहिलं.

"भरलेल्या औषधाचा रंग दातात उतरलाय. होतं असं."

"हे आधी माहीत होतं?"

"माहीत असतं की."

"रंग न उतरणारं औषध मिळत नाही?"

"मिळतं. पण आम्ही हेच वापरतो. दात वाचला ना, मॅडम? रंगाचं काय एवढं?"

रंगाचं काय एवढं! एक वाक्य आधी सांगितलं असतं, तर यांच्या जिभेला काय फोड आले असते? वर लेकीला म्हणतात, "पुढे करू काहीतरी. हसून दाखव बघू." तिनं आधी तोंडावर तळहात धरला, मग हसली. त्या माणसाला त्यात काही दिसलंच नाही. मी तिथे बोलायचं ते सगळं बोलले, बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल असं बोलले.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, "औषधानं झालंय. तुमचा काही दोष नाही. काढा ती डबी."

त्या उठल्या नाहीत.

"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "आदी पोरगी हसू दे."