दोन बोटं सैल

ताईच्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात एकही कपडा कुणाच्या अंगाला नीट बसेल असा शिवला नाही. हे मी रागानं म्हणत नाही, सगळी गल्ली म्हणते. खाली दुकान, वर घर, दुकानात पुरुषभर उंचीचा आरसा, आणि माप घेऊन झालं की ठरलेलं वाक्य, दोन बोटं सैल ठेवतो, अंग वाढतं. समोर काठी टेकत आलेला म्हातारा असला तरी यांच्या हिशेबी त्याचं अंग वाढायचंच. लोक त्यांना 'दोन बोटं' म्हणायचे, अगदी तोंडावर, आणि या गृहस्थांना तो मान वाटायचा. ताईच्या लग्नातला भाऊजींचा कोट त्यांच्याच हातचा. फोटोत भाऊजी त्या कोटाच्या आत कुठेतरी आहेत.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. पण गिऱ्हाईक रोडावलेलं, त्यामुळे हे दिवसभर वर. ताईच्या बाळाला कोणत्या कुशीवर निजवायचं, खिडकी किती उघडायची, दिवा कुठे हवा, सगळीकडे यांचं नाक खुपसलेलं. ताई ऐकून घ्यायची. मी तिच्याकडे राहायला गेले की मी ऐकून घ्यायची नाही.

बाळाचं डोकं मागून एका बाजूला चपटं झालं होतं. मान एकाच बाजूला वळवून झोपायची सवय. व्यायामानं मान सुटली, डोकं मात्र तसंच राहिलं. डॉक्टरांनी सांगितलं की डोक्याला आकार देणारं हेल्मेट घाला, पण कवटी मऊ आहे तोवरच, एकदा का ती घट्ट झाली की मग काही उपयोग नाही. त्या दिवसापासून ताईला दुसरा विचार नव्हता. बाळ मांडीवर असलं की तिचा हात आपोआप त्या चपट्या जागेवर जायचा.

हेल्मेट बसवायला आम्ही निघालो तर हे आमच्याआधी चपला घालून दारात उभे. गळ्यात टेप. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेल्मेट करणाऱ्या बाईंनी बाळाच्या डोक्यावर ते चढवलं, कडेनं बोट फिरवलं, काढून कपाळापाशीची कड किंचित घासली, पुन्हा चढवलं. म्हणाल्या, फिटिंगवरच सगळं आहे, सैल राहिलं तर ते डोक्यावर फिरेल आणि घट्टे पडतील. मग आम्हाला लाल डाग कुठे उठले तर चालतील, ते किती वेळात जायला हवेत, हे सांगत होत्या, तेवढ्यात यांनी तोंड उघडलं. मी मध्येच म्हणाले, "ऐकलंत ना, काका? सैल चालणार नाही. हा तुमचा कोट नाही."

बाईंना हसू आवरेना. ताईसुद्धा हसली. काकांनी टेप गळ्यातून काढून खिशात घातली. मला बरं वाटलं.

त्यानंतर त्यांनी एक काम अंगावर घेतलं. बाळाच्या अंघोळीपुरतं हेल्मेट काढायचं असे, तेवढ्यात ते पुसून वाळवून द्यायचं. ताई म्हणाली, करू देत, तेवढाच त्यांचा वेळ जातो. मी म्हटलं, निदान कात्री तरी लांब ठेवा.

पुढच्या मापाला आम्ही काकांसह मोठ्या आशेनं गेलो. बाईंनी हेल्मेट उतरवलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. चपट्या जागेवर लाल डाग होता, आम्ही तो चालणाऱ्यातला धरला होता. तिथे तर हेल्मेट टेकायलाच नको, त्या म्हणाल्या. मोजून बघितलं तर फरक शून्य, उलट डोकं वरच्या बाजूला वाढलेलं. मग त्यांनी हेल्मेटच्या आत बोट घातलं, नख लावलं आणि अस्तर सोलावं तशी एक गादी बाहेर काढली. मऊ कापसाची, वर तलम कापड, टाके इतके बारीक की डोळ्यांना दिसू नयेत. रंगसुद्धा आतल्या फोमशी जुळवलेला.

आम्ही तिघींनी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, तिथे पोकळ राहिलं होतं. एखाद्याचा एक खांदा उतरता असला की त्या बाजूला आतून गादी देतात, म्हणजे कोट सरळ बसतो, तसंच केलं. जरा अभिमानानंच सांगत होते. माझं डोकंच फिरलं. अख्ख्या गल्लीला घोळ घातले ते घातले, आता नातवाच्या डोक्यावर कारागिरी. मी तोंडाला येईल ते बोलले. ताई बाळाला छातीशी घट्ट धरून भिंतीकडे बघत राहिली.

बाईंनीच त्यांना समजावलं. जिथे डोकं फुगलंय तिथे हेल्मेट टेकतं, आणि जिथे चपटं आहे तिथे मुद्दाम जागा सोडलेली असते. डोकं त्या जागेत वाढतं. आता नवीन करावं लागेल, पण मधले दिवस गेले ते गेले. पूर्ण गोल होईल असं आता सांगता येत नाही. थोडं राहीलच.

"म्हणजे ती जागा वाढीला ठेवलेली होती," काका म्हणाले.

"हो. वाढीलाच."

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तू म्हणालीस ना, सैल चालणार नाही. मला वाटलं, याचं तरी एकदा अंगाबरोबर बसावं."

 

नवीन हेल्मेट बसवलं त्या दिवशी त्यांना आणायचं नाही असं माझं मत होतं. ताईनं आणलं. ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होते, टेप नव्हती. सगळं झाल्यावर बाईंनीच त्यांना जवळ बोलावलं आणि वरच्या उघड्या भागातून चपट्या बाजूला सोडलेली ती जागा दाखवली. त्यांनी सवयीनं दोन बोटं पुढे केली. दोन जाईनात, एकच जेमतेम गेलं. बाळ त्यांच्याकडे बघून हसत होतं. ते बोट तिथेच ठेवून उभे राहिले, शेवटी ताईनं त्यांचा हात धरून हळूच बाजूला केला आणि बाळाला घेऊन निघाली.