पुतळाबाईचं आभारपत्र

चिखलीच्या शाळेच्या ओसरीवर दुपारी बायकांचा साक्षरता वर्ग भरायचा. सकाळची पोरं घरी गेली, की मास्तरीण शालनबाई भाकरीचे चार घास पोटात ढकलायच्या आणि पुन्हा फळ्यापाशी उभ्या राहायच्या. बाई नगरकडच्या. नवरा गेल्यावर मास्तरकीचं ट्रेनिंग घेऊन नोकरीला लागलेल्या, मूलबाळ नाही. छप्पन साली आठ बायकांनी सरकारी पहिलं पुस्तक संपवलं, तेव्हा बाईंनी पेढे वाटले. पेढे संपले, पण दुसरं पुस्तक काही सरकारकडून आलं नाही.

मग बायका मिळेल ते वाचू लागल्या. मिळायचे ते पिंपरी कॅम्पातल्या दुकानांतून आलेल्या चहा-गुळाच्या पुड्यांचे कागद. त्यांवर बातम्या फाटक्या आणि जाहिराती अख्ख्या.

"बाई, ह्यो साबन लावला की मानूस गोरं व्हतं!" साठीच्या गोजाबाईंनी एक दिवस वाचून दाखवलं.

"कोण म्हणतं?"

"कागूद म्हनतोय. छापल्यालं हाय की!"

"छापलेलं खोटं नसतं का?"

सगळ्या हसल्या. गोजाबाई म्हणाल्या, "पोथी छापल्याली, सरकारचा हुकूम छापल्याला. खोटं बोलाया तोंड लागतं बाई, कागदाला कुठलं तोंड?"

बाईंच्या मनात आलं, आपण यांना डोळे दिले आणि भर बाजारात सोडून दिलं! त्यांची नजर आपोआप पुतळाबाईकडे गेली. पंचविशीची, वर्गात सगळ्यांत चलाख. तिचा नवरा गेनू पिंपरीला बांधकामावर होता. वर्षभर खोकत होता, आता रक्त पडत होतं. पुतळाबाईनं पदराच्या गाठीतून एक कात्रण काढलं. 'प्राणदीप सिरप. क्षयावर रामबाण. महिन्यात बरे व्हाल.' दोन बाटल्या तिनं स्वतःच्या हातानं कार्ड लिहून मागवल्याही होत्या. आणि तेव्हापासून गेनू क्षयाच्या दवाखान्याकडे फिरकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बाराखडी गुंडाळून ठेवली. वर्ग आठ जणींचा, पण बाई शिकवत होत्या एकीलाच. पुतळाबाईचं कात्रण त्यांनी फळ्यावर डकवलं आणि त्यातल्या चित्रावर बोट ठेवलं.

"हा कोण?"

"डाक्टर."

"कशावरून?"

"गळ्यात नळी हाय."

"देवीच्या भुत्याच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. म्हणून तो देवी होतो का?"

गोजाबाई मांडीवर थाप मारून हसल्या. "आगं बया! म्हंजी ह्ये सोंग हाय?"

"सोंगच. आता वरची ओळ. 'आज खोकला, उद्या मरण.' हे कशाला लिहिलं?"

"भ्या दावाया."

"मग खाली लगेच बाटली. आधी विंचू दाखवायचा, मग उतारा विकायचा. आणि हे शेजारी छापलेलं आभाराचं पत्र?"

"कुन्या एका बाईनं धाडलंय."

"तिला कुणी पाहिलंय? कंपनीनं घरी बसून लिहिलं असेल, नाहीतर एखादीला फुकट बाटली देऊन लिहवून घेतलं असेल."

बायकांना खेळच सापडला. पंधरा दिवसांत पुडीचा कागद हाती पडला की गलका व्हायचा, "ह्यो भ्या दावतोय!", "ही नटी दावून भुलवतोय!" पुतळाबाई तर उभी राहून आख्खी जाहिरात सोंगासकट वठवायची, आधी डॉक्टरचं खाकरणं, मग आजाऱ्याचं कण्हणं, मग बाटलीवाल्याची आरोळी. बाईंना हायसं वाटलं. हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "मग पुतळा, गेनूला दवाखान्यात कधी नेतेस?"

ती खाली बसली.

"न्हेलं व्हतं बाई, दोन येळा. खाट मोकळी न्हाई म्हनले. म्या इचारलं, बरं व्हतील का? तर डाक्टर म्हनला, बघू." तिनं फळ्यावरच्या कात्रणाकडे बोट केलं. "ह्यो लबाड हाय, समदं कळलं मला. पन 'बरे व्हाल' आसं त्योच येकटा म्हनतोय. तुमी म्हनता का?"

 शालनबाई फळ्याकडे वळल्या आणि कात्रण सोडवू लागल्या. 'बरे व्हाल' म्हटलं असतं तर त्यांचं बोलणंही त्या कागदासारखंच खोटं झालं असतं.

महिन्याभरानं पुतळाबाई वर्ग सुटल्यावर मागे रेंगाळली. हातात वहीचं पान.

"चुकलं-माकलं बगा जरा."

तिचं आयुष्यातलं पहिलं लांबलचक पत्र. 'प्राणदीप सिरपने माझे धनी पूर्ण बरे झाले. आता ते कामावर जातात. आपले उपकार विसरणार नाही.' खाली नाव, गाव, तारीख.

"गेनू कसा आहे?"

"काल तांब्याभर रगात पडलं."

"आणि हे?"

"कंपनीचं कार्ड आलंय. आभाराचं पत्र लिवलं तर येक बाटली फुकट. तुमीच सांगितलं न्हवं, आशी पत्रं कशी तयार व्हत्यात? म्हनून सुचलं."

"अगं, हे वाचून दुसरी कुणी फसेल!"

"तिचा बी धनी खोकत आसंल तर ती कुनाचं ऐकनार हाय, बाई?"

शालनबाईंनी पान पुन्हा वाचलं. फाडावंसं वाटलं. पण फाडून तिच्या हातात दुसरं काय ठेवणार होत्या? शनिवारी पगाराच्या कामाला चिंचवडला गेल्या, तेव्हा त्यांनीच ते टपालपेटीत टाकलं.

पार्सल आलं तेव्हा गेनूचा दहावा होऊन गेला होता. पुतळाबाईनं ते फोडलंही नाही. ओसरीवर येऊन गोजाबाईंच्या पुढ्यात ठेवलं. त्यांच्या जावयाला दिवाळीपासून खोकला होता. शालनबाई फळ्यापाशी खडू घेऊन उभ्या होत्या. जाहिरातींचं सोंग बघून मांडीवर थाप मारणाऱ्या गोजाबाईंनी ते पार्सल दोन्ही हातांनी उचललं आणि कपाळाला लावलं.