चुड्याआधी काटकोन

बांगडी भरायला आलेली बाई घाबरलेली असली तरी मला चालते. रडणारी चालते, ओरडणारीही चालते. शूर बाई मात्र नको. ती ओठ घट्ट मिटून हात पुढे करते, "भरा, मला काय हुत न्हाय" म्हणते आणि पंजा असा ताठ करते की अंगठ्याच्या बुडाशी बांगडी अडलीच समजा. अशा बायकांच्या हातात मी काच फोडलेली आहे आणि वर त्यांच्यावरच चिडलेलीही आहे.

आमचं घर मणेराचं, म्हणजे बांगड्या विकणाऱ्यांचं. लग्न होऊन अंथुर्ण्याला आले तेव्हापासून मी हेच करते आहे. खरं तर बांगडी भरताना जोर लावावाच लागत नाही. हात धरायचा, चारी बोटं जवळ आणायची, अंगठा आत घ्यायचा, तळवा हलका चोळायचा आणि तोंडानं बोलत राहायचं. गाय कधी व्यायची हाय, पोरगी कितवीत गेली, जाऊ नीट बोलती का. जावेचा विषय निघाला की हात लोण्यासारखा मऊ होतो आणि बांगडी मनगटात जाऊन बसते. बाईला कळतसुद्धा नाही.

गेल्या वर्षी माझ्या उजव्या गुडघ्यानं पार हात टेकले. जमिनीवर बसले की उठायला दोन माणसं लागायची. शेवटी बारामतीला ऑपरेशन करून गुडघा बदलला. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून मला उभं केलं तेव्हा मी इतक्या मोठ्यानं हसले की पलीकडच्या खाटेवरची पेशंट उठून बसली. टाक्यांची कळ होती, पण ती नवी होती, पाहुणी होती. वर्षानुवर्षं घरात ठाण मांडून बसलेली ती जुनी, किरकिरी कळ निघून गेली होती. मला तर तिथूनच चालत घरी निघावंसं वाटत होतं.

डॉक्टर म्हणाले, "जमिनीवर मांडी घालून आता बसायचं नाही." नमाज खुर्चीवर आणि धंदाही खुर्चीवर. ते मी लगेच कबूल केलं. "आणि आम्ही सांधा बसवला आहे, वाकवायचं काम तुमचं," असंही ते म्हणाले. त्यात काय एवढं, असं मला वाटलं.

घरी आल्यावर व्यायाम सुरू झाला. माझ्या पायावर देखरेख करायला पलीकडच्या वाडीतली एक पोरगी यायची. ती बारामतीच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि संध्याकाळी स्कूटीवरून घरी जाताना माझ्याकडं थांबायची. गावातले सगळे मला चाची म्हणतात, तीही तेच म्हणायची. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या गुडघ्याखालची उशी काढून घेतली. सुनेनं ती मायेनं सरकवली होती आणि मला तिचं फार सुख वाटायचं.

"उशी टाचंखाली घ्या चाची," ती म्हणाली. "गुडघा वाकायला पायजे तसा सरळ पण व्हायला पायजे. गुडघ्याखाली उशी घेऊन पडून राहिलात तर तो अर्धवटच राहील."

सून इतकी ओशाळली की पुढं कितीतरी दिवस तिनं उशीला हात लावला नाही.

टाके पूर्ण भरून आल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर मालिश सुरू झालं. दुपारची कामं उरकली की सून खोबरेल तेलाची वाटी घेऊन पायाशी बसायची. मांडी खालून वर चोळायची. पोटरी दाबायची नाही, ती सुजली किंवा दुखली तर आधी फोन करायचा, हे त्या पोरीनं तिला बजावलं होतं. मग व्रणावर अंगठ्यानं गोल गोल फिरवायचं, म्हणजे खालची कातडी चिकटून बसत नाही. आणि शेवटी गुडघ्याची वाटी दोन बोटांत धरून हळूच इकडं तिकडं सरकवायची. ती वाटी पहिल्यांदा जरा सरकली तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडं बघून खुदकन हसलो. सुनेचा हात मूळचा घाईचा. मी तिला रोज बोलायचे, "भाकरी थापतीयस का पाय चोळतीयस?" तीही कमी नाही. "भाकरी गप पडून राहती अम्मी," म्हणायची.

मालिश झाल्यावर पाय हलका व्हायचा आणि मग टाच सरकवायची. टाचेखाली प्लास्टिकची पिशवी घालायची, म्हणजे ती गादीवर घसरते, आणि गुडघा वाकवत टाच बुडाकडं ओढायची. पहिले काही दिवस गुडघा रोज पुढं पुढं वाकत गेला. मी खूश. मग एका जागी येऊन तो थांबला. मी जोर करायचे, पोरगी घोटा धरून मागं दाबायची आणि मी दातावर दात रोवून सोसायचे. डोळ्यांतून टिपूस काढला नाही. तसं मी सगळ्यांना अभिमानानं सांगतही होते.

त्याच दिवसांत वस्तीवरची एक बाई भेटायला आली. तिच्या लग्नाचा चुडा मी भरला होता आणि तिच्या डोहाळजेवणालाही बांगड्या माझ्याच हातच्या. आता त्याच पोटच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

"चाची, हळदीच्या दिवशी चुडा तुमच्याच हातनं भरायचा माझ्या मनात हुतं," ती म्हणाली. "पण तुमचं हे असं. पोरगी म्हणती, बारामतीला दुकानात जाऊन भरून येऊ."

"दुकानात कशाला?" मी म्हणाले. "मी येणार. तू फकस्त गाडी पाठव."

माझ्या जिभेला हाड नाही. ती आनंदानं गेली आणि मी लगेच सुनेला समोर बसवलं, काचेच्या बांगड्या काढल्या आणि खुर्चीवर बसून भरून पाहू लागले. तेव्हा कळलं. बांगडी भरताना समोरचीचा हात माझ्या पोटाशी यावा लागतो, तिचं मनगट माझ्या मांडीवर टेकावं लागतं. माझा उजवा पाय खुर्चीपुढं दांड्यासारखा निघालेला आणि सून त्याच्या पलीकडं. बाजूला बसवलं तर हात तिरपा येतो. हात लांबवून भरायला गेले तर दुसरीच बांगडी तडकली आणि सुनेच्या मनगटातून रक्त आलं.

"काय न्हाय अम्मी," ती पदरानं पुसत म्हणाली.

पण मी मनातून हादरले होते. नवरीच्या चुड्यात काच फुटली तर मांडवातल्या बायकांचे चेहरे कसे होतात ते मी पाहिलं आहे. त्यात तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी पाय पाहिला आणि म्हणाले, "पुढच्या वेळेपर्यंत निदान काटकोन झाला पाहिजे. नाहीतर भूल देऊन वाकवावा लागेल." पुढची तारीख नेमकी लग्नानंतरची होती. म्हणजे हळदीच्या आत गुडघा काटकोनात आला तर चुडा माझा, नाहीतर चुडा दुकानाचा आणि मी पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर. मी दुप्पट जोरानं व्यायाम करू लागले आणि गुडघा दुप्पट हट्टाला पेटला.

एका संध्याकाळी ती व्यायामवाली पोरगी आली. मी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसले होते. ती समोर स्टूल घेऊन बसली, घोटा हातात धरला आणि म्हणाली, "चाची, तुमी इतक्या बायकांना बांगड्या भरल्या. सगळ्यात अवघड हात कुणाचा हुता?"

हा काय विचारायचा प्रश्न झाला? मी सुरूच झाले. एक बाई होती, नवऱ्याच्या माघारी स्वतः ट्रॅक्टर चालवायची. स्टिअरिंग धरून धरून तिचा पंजा रुंदावलेला, तळव्याला घट्टे. भावाच्या लग्नाला तिला हातभर हिरव्या बांगड्या हव्या होत्या आणि मापही नेमकं लहान निघालं. मी तिचा हात कसा चोळला, तिला डिझेलच्या भावावर कसं बोलतं केलं, ती सरकारवर तोंडसुख घेत असताना एकेक बांगडी कशी आत गेली, हे मी दोन्ही हातांनी करून दाखवत होते. शेवटच्या बांगडीपाशी आले आणि पोरगी म्हणाली, "बास. आता खाली बघा."

मी पाहिलं. पाय नेहमीच्या अडणाऱ्या जागेच्या पुढं गेला होता. तिनं कोन मोजायची पट्टी लावली. काटकोनाला थोडंसंच कमी.

मला आधी रागच आला. "मला बोलण्यात गुंतवलंस व्हय?"

"व्हय," ती शांतपणे म्हणाली. "तुमी लई सोसता चाची. सोसायला लागलं की मांडी ताठ हुती, आणि ताठ मांडी गुडघ्याला वाकू देत न्हाय. तुमी रडला असता तर बरं झालं असतं."

आयुष्यभर शूर बायकांना मी हेच तर सुनावत आले होते. आणि इथं दीड महिना मीच ओठ मिटून, मला काय हुत न्हाय म्हणत बसले होते. मला असं हसू फुटलं की सून चुलीवरचं सोडून बाहेर आली. मी तिला सांगायला गेले तर हसण्यात शब्दच फुटेना.

आता जमलं, असं मला वाटलं. पण स्वतःला स्वतः बोलण्यात गुंतवणं फार अवघड असतं. मी मालिका लावून पाहिली, माहेरच्या बहिणीला फोन लावून पाहिला, सुनेला गावभरच्या भानगडी सांगायला लावल्या. गुडघा माझाच, त्याला माझे डाव आधीच कळायचे. तो काटकोनाच्या अलीकडं येऊन मुकाट थांबायचा. पोरगी म्हणायची, "येतोय चाची, येतोय. त्याच्याकडं डोळं लावून बसू नका." आणि हळद उजाडली.

वस्तीवरून जीप आली. मागच्या सीटवर आडवा पाय टाकून मी आणि सून निघालो. बांगड्यांची पेटी सुनेच्या मांडीवर. मला भीती वाटत होती हे खरं, पण त्याहून जास्त उतावीळ झाले होते. इतक्या दिवसांनी मी धंद्याला निघाले होते आणि दोन्ही बाजूचा ऊससुद्धा मला नवा वाटत होता.

मांडवात माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती आणि नवरीला ठेंगणं स्टूल. माझा उजवा पाय तसाच पुढं पसरलेला. नवरीनं त्याला वळसा घालून स्टूल जमेल तेवढं जवळ ओढलं. ती लोणी देवकरला एका कंपनीत तपासणी विभागात कामाला. तिथं हातात काही घालू देत नाहीत, त्यामुळं बांगडीची सवयच नाही. हाडं मोठी, पंजा कडक. तिनं ओठ मिटले, हात पुढे केला आणि म्हणाली, "भरा चाची. मला काय हुत न्हाय."

या अल्ला, म्हटलं, आजच.

मी तिचा हात धरला. पहिली बांगडी अंगठ्यापाशी अडली. तिची आई खांबाला धरून उभी. मी बांगडी मागं घेतली आणि तळवा चोळत विचारलं, "कंपनीत दिवसभर करतीस काय गं तू?"

"पार्ट तपासते."

"म्हंजी कसं?"

"पार्टाला भोक असतं. त्यात गेज, म्हंजी मापाचा दांडा, घालून बघायचं, जातंय का न्हाय."

"आणि न्हाय गेलं तर? जोर लावायचा?"

"छे," ती एकदम माझ्याकडं वळली. "जोर अजिबात लावायचा न्हाय. आपसूक गेलं तरच पार्ट बरोबर."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. ही तर माझ्याच धंद्यातली निघाली. मी विचारत सुटले. गेज कशाचं असतं, चुकलेल्या पार्टाचं काय करतात, साहेब ओरडतो का. तीही रंगात आली. एकदा साहेबानंच बाद झालेला पार्ट चांगल्यात टाकला होता आणि तिनं तो सगळ्यांदेखत परत काढला, ते सांगताना तिचा हात माझ्या पोटाशी आला, मनगट मांडीवर टेकलं, आणि बांगड्या एकापाठोपाठ एक जाऊ लागल्या. मग दुसरा हात. मला फक्त तिचा पंजा आणि तिचा तो साहेब दिसत होता. शेवटची बांगडी बसली तेव्हा दोन्ही मनगटं हिरवीगार झाली होती. एकही काच तडकली नव्हती.

"चाचीच्या पाया पड," तिची आई म्हणाली.

नवरी उठली, वाकली आणि माझ्या डाव्या पायाला हात लावला. मग उजवा पाय जिथं पसरलेला होता तिथं तिनं हात नेला. तिथं नुसती सतरंजी होती.

"चाची, दुसरा पाय कुठाय तुमचा?"

मी खाली वाकून पाहिलं. माझा उजवा पाय खुर्चीखाली गेला होता. नुसती बोटं टेकलेली, टाच उचललेली, आणि गुडघा काटकोनाच्याही पुढं वाकलेला. तो कधी गेला, कळ आली होती की नाही, मला काही म्हणजे काही आठवेना. सुनेनं तोंडावर हात ठेवला.

"कुणी हलू नका," मी म्हणाले. "फोटो काढ आधी."

सुनेनं नवरीच्या चुड्याचा सोडून माझ्या गुडघ्याचा फोटो काढला आणि तिथूनच त्या व्यायामवाल्या पोरीला पाठवला. लगेच उत्तर आलं, सुनेनं वाचून दाखवलं. "हा कुणी वाकवला?"

"लिही," मी म्हणाले, "नवरीनं."

नवरी बिचारी अजून माझ्यापुढं वाकलेलीच होती. या सगळ्यात आशीर्वाद द्यायचा राहूनच गेला होता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि इतके दिवस अडवून धरलेलं सगळं पाणी मांडवातल्या बायकांसमोर माझ्या डोळ्यांतून घळाघळा वाहू लागलं. मी ते पुसलं नाही.